गुरगुरणारा पंप

"काका, पंप गुरगुरतोय. ऐका, ऐका!" सोसायटीचा सेक्रेटरी पंपाच्या खोलीच्या दारातूनच म्हणाला. आत यायची त्याची तयारी नव्हती. पंप चावला तर?

काकांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. तीस वर्षं ते असेच पंप तपासत होते. पंप बिचारा ठणठणीत होता. गुरगुर येत होती ती तिसऱ्या मजल्यावरून, खुद्द काकांच्या बेडरूममधून.

"बेअरिंग," काका म्हणाले आणि त्यांनी पंप बंद केला.

गुरगुर चालूच.

"काका, बंद पंप कसा गुरगुरेल?"

"जुना आहे. लगेच नाही शांत होत."

सेक्रेटरी विम्याच्या ऑफिसात नोकरीला होता. त्याला पटलं.

काकू जाऊन चार महिने झाले होते. काका रडले नव्हते. "धंदा पाण्याचा आणि डोळ्यांत थेंब नाही," असं नातेवाईक जिना उतरताना बोलून गेले. काकांना त्याचं वाईटही वाटलं नाही. भूक लागली की जेवायचं, दाढी वाढली की करायची, एवढंच उरलं होतं. झोप मात्र येईना. काकू घोरायच्या. घोरायच्या म्हणजे खिडकीची काच थरथरायची. सगळा संसार काकांनी त्यावर कुरकुर करण्यात घालवला आणि आता काच गप्प होती तर डोळ्याला डोळा लागत नव्हता.

नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेलेल्या मुलीचा मॉड्युलर सिंथेसायझर घरात पडून होता. सूर तयार करायचं यंत्र, पण दिसायला नुसती बटणं आणि वायरींचा गुंता. त्यातल्या एका कप्प्यावर सबहार्मोनिक जनरेटर असं लिहिलं होतं. काकांनी मुलीला फोन लावला.

"बाबा, त्याला एक सूर द्यायचा. तो त्याच्याखालचे जाडे सूर काढून देतो. वरचा दोनदा हलला की खालचा एकदा. मग तिनाला एक, चाराला एक."

"म्हणजे पुली गं. लहान चाकाचे चार फेरे, मोठ्याचा एक."

"अगदी! गाणं करताय की काय?"

"पंपाचं काम आहे."

पंधरा दिवस लागले. दोनाला एकवर नुसता भुंगा निघाला. तिनाला एक जोडल्यावर कुणीतरी घोरायला लागलं, पण ते परकं माणूस होतं. चाराला एक मिसळून आवाज श्वासासारखा उघडमीट होईल अशी वायर लावली, तेव्हा काच थरथरली. त्या दुपारी काका दोन तास झोपले.

आता बेअरिंग म्हटलंय म्हणजे बदलणं आलं. दिवसभर पाणी बंद. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ साबणासकट टॉवेलवर खाली येऊन भांडून गेले. आणि दुसऱ्या दिवशी तीनच्या ठोक्याला पुन्हा गुरगुर.

"आता घरोघर तपासणी!" सेक्रेटरीनं काकांना खाली बोलावून सांगितलं. "सापडेल ते मशीन बंद. कायमचं!"

काकांनी हातातला पाना उगाच पुसला. पुन्हा ते उघडे डोळे, तेच छत.

तेवढ्यात काकांच्या शेजारच्या सिस्टर पिशवी घेऊन बाहेरून आल्या. हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या तरी दरारा तसाच.

"कसली तपासणी रे? माझं पाठीचं मशीन आहे ते, तापायला लावून गेले होते. तीन ते पाच. बंद केलंस तर पाठ तू चोळणार?"

"नाही, नाही. चालू द्या, सिस्टर," म्हणत सेक्रेटरी सटकला.

जिन्यात सिस्टर दोन पायऱ्या पुढे होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "भिंत पातळ आहे हो आपली. बावीस वर्षं ऐकलंय मी."

काकांनी पाना खिशात घातला.

"छान जमलंय. फक्त शेवटची शिट्टी राहिली. श्वास सोडताना बारीकशी यायची बघा."

काकांनी घरी येऊन वायरी उलगडल्या. ज्यातून बाकीचे काढले, तो मूळचा वरचा सूर त्यांनी आजवर बाजूलाच ठेवला होता. तो श्वासाच्या टोकाला अगदी हळू जोडला. मग पलंगावर आपल्या बाजूला आडवे झाले.

डोळा लागता लागता आवाज चढला. काकांचं कोपर आपोआप बाजूला गेलं.

"अगं, वळ ना."

कोपर गादीत रुतलं. एवढ्या ढोसण्यावर काकू नेहमी वळायच्या आणि घोरणं थांबायचं.

ते थांबलं नाही. थोडा वेळ वाट बघून काकाच कुशीवर वळले.