एडिसनचा माड

मीनाक्षीताईंचं पत्र ऑक्टोबरात आलं होतं आणि गुरुनाथरावांनी त्याला उत्तर पाठवलं नव्हतं. पत्रात राग यावा असं काहीच नव्हतं. उलट पत्नी सुलभाबाई गेल्यापासून इतकं मायेचं पत्र त्यांना दुसरं आलं नव्हतं, आणि पंचाईत तीच होती. वाईट पत्राला उत्तर दिलं नाही तर एक वेळ खपून जातं. चांगल्या पत्राचं उत्तर राहिलं, की ते दातात अडकलेल्या कुसळासारखं दिवसभर जिभेला लागत राहतं.

‘भावजी,’ त्यांनी लिहिलं होतं, ‘आडपडदा न ठेवता लिहिते. सुलभाचा माड मला द्या. माझा पुतण्या शंतनू ट्रक घेऊन येईल, मी बरोबर असेन, मुळांसकट नीट काढून नेऊ. इथे दक्षिणेत, मॉरिसव्हिलला, थंडी बेताची; त्याला गुंडाळायची गरज नाही, उघड्यावर सुखाने उभा राहील. तुमच्या वयात शिडीवर चढणं बरं नव्हे. या महिन्यात नसेल जमत तर एप्रिलात येऊ. फार काही लिहू नका, नुसतं “या” एवढं लिहा.’

मीनाक्षीताईंच्या कानांनी दगा दिल्यापासून त्यांचा फोन बंदच होता. यंत्र लावून निम्मंअर्धं ऐकण्यापेक्षा चार ओळी लिहिलेल्या बऱ्या, असं त्या म्हणत. तेव्हा फोन करून वेळ मारून नेण्याची सोय नव्हती.

माडाची गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची. तेव्हा मीनाक्षीताई, सुलभाबाईंची मैत्रीण, याच एडिसन गावात, मागच्या गल्लीत राहत. दह्याच्या रिकाम्या डब्यात वीतभर रोप घेऊन त्या आल्या आणि म्हणाल्या, हे थंडीतसुद्धा तगतं म्हणे, बघ लावून. सुलभाबाई वेंगुर्ल्याच्या. त्यांनी ते परसात, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर लावलं आणि पहिल्याच दिवशी त्याला माड म्हणून मोकळ्या झाल्या. गुरुनाथरावांना राहवलं नाही.

“अगं, हा माड नव्हे. माडाची झावळी लांब असते. याची पानं पंख्यासारखी. फार तर ताडाचा लांबचा भाऊ म्हण.”

“बरं. लांबच्या भावाला मी माड म्हणेन नाहीतर अण्णा म्हणेन, तुम्हाला काय त्रास?”

“भावजी, तुमच्याकडे नारळ मागत नाही ना ती?” मीनाक्षीताईंनी री ओढली. “मग म्हणू द्या की.”

गुरुनाथरावांची सगळी नोकरी एका औषध कंपनीच्या ग्रंथालयात गेली. दुसऱ्याला हवा तो कागद शोधून द्यायचा, स्वतःचं मत द्यायचं नाही, हा नोकरीतला नियम त्यांच्या अंगात इतका मुरला होता की घरीसुद्धा त्यांना मत विचारलं की ते चष्मा पुसायला घेत. चार माणसं जमली की ते पुस्तकांच्या कपाटापाशी सापडत. घरची पत्रं सुलभाबाई लिहीत. गुरुनाथराव ती वाचून ऱ्हस्व-दीर्घ तेवढं सुधारून देत. माडाचंही तसंच. थंडी पडायच्या आत सुलभाबाई चार खुंट ठोकत, भोवती जाळी बांधत, आत मेपलचा सुका पाला भरत, खोडाला दिव्यांची माळ गुंडाळत आणि वरून गोणपाट शिवून टाकत. गुरुनाथराव शिडी धरत.

ऑगस्टात सुलभाबाई गेल्या. आजारपण असं झालंच नाही. आज दवाखाना, उद्या हॉस्पिटल, आणि संपलं. आणि ऑक्टोबरात हे पत्र.

उत्तर लिहायला ते बसले नाहीत असं नाही. ‘या’ असं लिहून पाहिलं. ते हुकूम सोडल्यासारखं दिसलं. ‘अवश्य यावे’ लिहिलं, तर लग्नाची पत्रिका वाटली. नको म्हणावं, तर कशाच्या जोरावर? शिडीवर त्यांचे पाय लटपटतात हे मीनाक्षीताईंनाही ठाऊक होतं. दोनदा तर त्यांनी काहीतरी लिहून पाकीट दारातल्या पेटीत ठेवलं, पोस्टमनने ते न्यावं म्हणून पेटीची लाल पट्टी वर केली, आणि पोस्टमन यायच्या आत जाऊन ते परत काढून आणलं. खरी गोष्ट एवढीच होती, की सकाळी चहा करताना खिडकीतून तो माड दिसायचा, आणि तिथे खड्डा बघायची त्यांची छाती नव्हती.

असं करता करता झाडांची पानं झडली आणि जमीन गोठायला लागली. मग त्यांनी आपल्या परीने तयारी केली. म्हणजे पुस्तक काढलं. थंड मुलखातल्या ताडांवरचा तो जाडजूड ग्रंथ त्यांनीच पूर्वी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून सुलभाबाईंसाठी आणला होता, आणि सुलभाबाईंनी तो कधी उघडला नव्हता. त्यात सगळं नीट दिलं होतं. खुंट कुठे ठोकायचे, पाला किती दाबायचा, नाताळच्या दिव्यांची माळ कशी गुंडाळायची. गॅरेजमधली जुनी माळ लावून पाहिली तर निम्मे दिवे गेलेले. ती त्यांनी टाकून दिली आणि नवी आणली. खोक्यावर लिहिलं होतं, वीज नाममात्र लागते. सुलभाबाईंना दरवर्षी बिलावरून बोललो होतो, हे आठवून त्यांना ओशाळल्यासारखं झालं. शिडी धरायला कोणी नव्हतं, म्हणून ती भिंतीला बांधून घेतली. गोणपाटाची शिवण वाकडी आली, पण आली.

त्या वर्षी जानेवारीत पारा गोठणबिंदूच्या कितीतरी खाली उतरला आणि तिथेच बसला. बर्फाने परस भरला. पण गोणपाटाआडून माळ अशी काही उजळायची, की संध्याकाळी सगळा माड आतून पेटल्यासारखा दिसायचा. शेजारची आश्लेषा, नागपूरची, दोघं नवराबायको आयटीत, बर्फ बाजूला करता करता कुंपणापाशी थांबली.

“काका, काय मस्त दिसतंय हो! पण आमची अनया मला विचारते, इज इट स्टिल ख्रिसमस देअर?”

गुरुनाथराव हसले. एरवी ते मान हलवून आत गेले असते. त्या दिवशी म्हणाले, “तिला सांगा, आमचा माड थंडीला भितो.” बोलून झाल्यावर लक्षात आलं, की आपण माड म्हणालो.

त्या संध्याकाळी चहाचा कप घेऊन ते बराच वेळ खिडकीशी उभे राहिले, आणि सगळा हिवाळा जो निर्णय होत नव्हता तो सहज झाला. एप्रिलात माड उघडायचा, हिरवा आहे असं डोळ्यांनी बघायचं, आणि मीनाक्षीताईंना ‘या’ म्हणून लिहायचं. द्यायचं तर धडधाकट द्यावं. खड्डा बघवणार नसेल तर खिडकीला पडदा लावता येईल. हे ठरल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी पडद्याचं माप घेऊन ठेवलं.

एप्रिलात त्यांनी गोणपाट उसवलं. पाला ओंजळी-ओंजळीने उपसला. पानं जुन्या केरसुणीसारखी झाली होती. पुस्तक म्हणत होतं, पानांवर जाऊ नका; पानं जातात आणि पुन्हा येतात. मधला कोंब धरून अलगद ओढून बघा. कोंब घट्ट असेल तर झाड जिवंत आहे.

त्या दिवशी त्यांनी ओढला नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. तिसऱ्या दिवशी हातमोजे काढून त्यांनी कोंब दोन बोटांत धरला आणि ओढला म्हणण्याइतकंही ओढलं नाही. उदबत्तीच्या घरातून उदबत्ती निघावी तसा तो वर आला. खालचं टोक पिवळट, बुळबुळीत होतं. विसरलेल्या भाजीच्या पिशवीच्या तळाला येतो तसला वास आला. कोंब परत जागेवर ठेवता येतो का, हे त्यांनी बघितलं. ठेवता आला. तो तिथे उभाही राहिला.

मुलाचा, सत्यजितचा, कॅलिफोर्नियाहून फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं. तो चांगलं बोलला. म्हणाला, यंदा थंडीच तशी होती, सगळ्यांचीच झाडं गेली असतील, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी नवीन ऑर्डर करतो, घरपोच येईल. त्याच्या बोलण्यात दोष काढायला कुठे जागा नव्हती.

दुपारी ते माळ सोडवायला गेले. ती अजून लागलेलीच होती. बटण बंद करायचं राहिलं होतं. खोडावरून एकेक वेढा काढत त्यांनी ती हातात गोळा केली. दिव्यांचा झुबका तळहातात होता, सगळे दिवे लागलेले, आणि हात गार. त्यांनी मूठ मिटली. तरी गार.

सुलभाबाई डिसेंबरात शिडीवरून उतरल्या की हातमोजे काढून त्या जुन्या माळेतला एक दिवा मुठीत धरायच्या. “चूल आहे हो माझी,” म्हणायच्या. “तुम्ही पण शेका.” गुरुनाथराव शिडी मिटत असायचे.

त्यांनी आत जाऊन पुस्तक उघडलं. दिव्यांची माळ, एवढंच लिहिलं होतं. पहिल्या पानावर छापल्याचं साल बघितलं. तेव्हा दिवा म्हटला की तो तापायचाच. लेखकाला वेगळं सांगायची गरज नव्हती. सबंध हिवाळा त्यांनी माडाजवळ उजेड ठेवला होता, आणि आपण काचेच्या अलीकडे उबेत उभं राहून तो बघितला होता.

आता मात्र पत्र लिहायला हवं होतं. एप्रिल लागला होता. तिकडे मीनाक्षीताई शंतनूच्या सुट्ट्या विचारत असणार.

पहिला मसुदा त्यांनी एका बैठकीत लिहिला. यंदाची थंडी फार कडक होती, अनेकांचं नुकसान झालं, उपाय सर्व केले होते. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नव्हतं. वाचून त्यांना स्वतःची किळस आली. दुसऱ्यात त्यांनी झाडाचं शास्त्रीय नाव घातलं. तो कंपनीचा अहवाल झाला. तिसऱ्या कागदावर लिहिलं, ‘मीनाक्षीताई, माड गेला.’

शब्द बघून ते थांबले. झाड मरतं, वाळतं, कुजतं. जातं ते माणूस. ऑगस्टात सगळ्यांना कळवायचं काम सत्यजितने केलं होतं, फोनवर एकच संदेश, एकाच वेळी सगळ्यांना. गुरुनाथरावांनी स्वतःच्या हाताने ते क्रियापद कुठेच लिहिलं नव्हतं. सुधारायला म्हणून उचललेलं पेन त्यांनी खाली ठेवलं. बऱ्याच वेळाने त्यांनी खाली लिहिलं, ‘सुलभाही गेली, हे तुम्हाला माहीत आहे. मी मात्र तुम्हाला कळवलं नव्हतं.’

मग ते भराभर लिहीत गेले. ‘नव्या दिव्यांना ऊब नसते हे मला कळलं नाही. तिला कळलं असतं. ऑक्टोबरात मी एक अक्षर लिहिलं असतं तर तो आज तुमच्या अंगणात उभा असता. तुमचं पत्र मिळालं होतं. रोज आठवत होतं.’

पुढे काय लिहावं ते सुचेना. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाला आपण होऊन घरी बोलावलं नव्हतं. बोलावणी सुलभाबाई करीत, हे दार उघडत. शेवटी लिहिलं, ‘आता इथून नेण्यासारखं काही नाही. तरी याल का?’

सही केली. पुन्हा वाचलं नाही.

पाकीट दारातल्या पेटीत ठेवलं तर काय होईल, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. म्हणून कोट चढवून ते चालत पोस्टापर्यंत गेले. बाहेरच्या निळ्या पेटीच्या अरुंद फटीतून त्यांनी पाकीट आत सरकवलं, आणि सवयीने बोटं मागोमाग घालून पाहिली. ती पोचली नाहीत.