तळ्यावरचा पहारा

तळं वीतभर उतरलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. आणखी वीतभर उतरलं तेव्हा लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

देवाने डोळ्यांना पापण्या दिल्या, संशयाला मात्र द्यायच्या राहिल्या. तो एकदा उघडला की जेवताना उघडा, झोपताना उघडा, हात जोडून डोळे मिटले तरी आतून हा टक्क जागा! आमच्या वरच्या आळीत त्या दिवसांत घरोघरी हेच चाललं होतं.

तळं टेकडीच्या पायथ्याशी होतं. पूर्वी तिथे नुसती घळ होती. पावसाचं पाणी उतारावरून धावत यायचं, वाटेतली माती पोटात घालायचं आणि ओढ्यातून पसार व्हायचं. उन्हाळ्यात खालच्या विहिरींना तळ दिसायचा. मग आळीतल्या माणसांनी मंडळ काढलं. उतारावर आडवे चर खणले, घळीत ठिकठिकाणी दगड रचले, आणि पायथ्याला मातीचा बांध घातला. तेव्हा निवृत्त हेडमास्तर घमेली उचलता उचलता सगळ्यांना सांगायचे, "पाण्याला फार घाई असते. आपण त्याला हाताला धरून बसवायचं. जमिनीच्या पोटात उतरेपर्यंत उठू द्यायचं नाही."

पाणी बसलं. आणि काय सांगावं, त्याच्यामागून सगळं गणगोत आलं! काठाला लव्हाळं उगवलं, खंड्या आला, बदकांची जोडी आली, तिला पिल्लं झाली. मग बाक आले, आणि बाकांमागून बसणारे आले. कुणाकडे पाहुणा आला की आधी तळं दाखवायचं, मग चहा विचारायचा. संध्याकाळी हेडमास्तर बदकांची पिल्लं अशी मोजायचे, जशी पूर्वी वर्गातली मुलं मोजत असत.

आणि आता ते तळं उतरत होतं.

मंडळाच्या अध्यक्ष म्हणजे शिवणवाल्या ताई. रस्त्यावरच्या खोलीत त्यांचं मशीन, मशीनसमोर खिडकी, खिडकीतून बांध दिसायचा. बांधाच्या थेट खाली त्यांच्या धाकट्या भावाची रोपांची नर्सरी. आईवडील लवकर गेले. भावाला ताईंनी शिवणकामावर वाढवलं. स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. त्याच्याशिवाय त्यांना आपलं म्हणावं असं कुणी नव्हतं. बांधावर लावलेलं एकूण एक रोप त्याच्याच नर्सरीतलं.

एके सकाळी प्लंबर ताईंच्या दारात येऊन उभा राहिला. मंडळाचा तो चिटणीस. बोलायचं असलं की आधी घसा खाकरायचा, आणि जितकं वाईट बोलायचं तितका जास्त वेळ खाकरायचा. त्या दिवशी ताईंची अख्खी बाही शिवून झाली.

"बोला आता, घसा संपेल," ताई म्हणाल्या.

"ताई, राग नका मानू. तुमच्या भावाच्या विहिरीला पाणी किती आहे, पाहिलंत?"

"नाही बाई."

"हाताने बादली बुडवता येते. भर उन्हाळ्यात! मागे याच दिवसांत दोर संपायचा, पाणी लागायचं नाही. आणि नवीन पंप कशाला घेतला हो त्याने?"

"रोपांना पाणी घालायला घेतला असेल."

"असेल. एक काळी नळी नर्सरीतून निघून बांधावर चढलीय. गवतात दडवलेली. तीपण असेल कशाला तरी." प्लंबरने मशीनवरची रिळं उगाच सरळ केली. "मी काही म्हणत नाही. लोक म्हणतात."

लोक म्हणतात! या दोन शब्दांच्या आड उभं राहून माणूस कुणाच्याही घरात दगड टाकू शकतो.

ताईंनी त्याला वाटेला लावलं खरं, पण मशीन पुन्हा सुरू झालं नाही. खिडकीतून त्या नळी शोधत राहिल्या. दिसलीच. संध्याकाळी सहज म्हणून भावाकडे गेल्या. वहिनीने पाणी दिलं. थंडगार होतं. ताईंनी पेला तोंडाला लावायच्या आधी नाकाशी नेला. तळ्याच्या पाण्याला लव्हाळ्याचा एक वास असतो, तो येतो का ते पाहिलं. एवढंसंच केलं. भावाने ते पाहिलं, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"तळं आटत चाललंय रे," ताई म्हणाल्या.

"आटू दे की. पाऊस आला की भरेल."

"तुला काहीच वाटत नाही?"

"काय वाटायचंय? तू अशी का बघतेस माझ्याकडे, मापं घेतल्यासारखी?"

ताई हसल्या. पण "आटू दे की" हे शब्द त्यांनी पदराला गाठ मारावी तसे घरी आणले.

आळीत मग पहारा सुरू झाला. पाळ्या लागल्या. पाळीवरचा माणूस तळ्यावर लक्ष ठेवी, आणि त्या माणसावर दुसरा कुणीतरी आपल्या गच्चीतून लक्ष ठेवी. किराणावाल्याच्या घरी कपडे जास्त वाळताना दिसले तर त्याचीही चर्चा झाली. पण फिरून फिरून बोट नर्सरीकडेच वळायचं. चोर कुणी दिसला मात्र नाही, आणि पाणी तर उतरतच होतं. हेडमास्तर म्हणाले, "दिसत नाही म्हणजे चोर हुशार आहे." कुणालाही हे बोलणं वावगं वाटलं नाही.

शेवटी प्लंबरनेच तोड काढली. टाकी कुठे गळते ते शोधायची एक पूड त्याच्याकडे असे. चिमूटभर टाकली की पाणी हिरवंगार होतं, आणि जिथून गळतं तिथे रंग दाखवतं. कुणाला बाधत नाही. "ही तळ्यात टाकू. ज्याच्या पंपातून हिरवं पाणी येईल, तो आपोआप सापडेल." ताईंनी आधी बदकांना काही होणार नाही ना, ते दोनदा विचारलं. भावाचं काय होईल, ते विचारलं नाही. सकाळी सगळ्यांदेखत प्लंबरने डबा पालथा केला. तळं पोपटासारखं झालं. बदकं बिचारी त्यात पोहत राहिली.

तो आठवडा ताईंनी कसा काढला ते त्यांच्या देवालाच ठाऊक. सकाळी दिवा लावताना त्या म्हणत, "तो नसू दे." आणि दिवसभर खिडकीतून पाहत, तो आहे की काय.

मग प्लंबर आला. या खेपेला घसा खाकरला नाही, नुसती बाटली मशीनवर ठेवली. नर्सरीच्या विहिरीतलं पाणी. पोपटी.

बैठक हेडमास्तरांच्या ओट्यावर भरली. भावाला बोलावलं होतं. तो मातीच्या हातांनीच आला.

"पाणी कुठून आलं?" प्लंबरने विचारलं.

"विहिरीत पाणी कुठून येतं? खालून."

"ताई, ऐका यांचं! आणि ती नळी?"

भाऊ उत्तर द्यायला वळला तो ताईंकडे. त्याला वाटलं असावं, ही तरी विचारेल, की बाबा रे, काय आहे ते मला सांग. ताई बाटलीकडे पाहत होत्या.

"नळीचं सांगू का नको?" तो हळू म्हणाला. "ताई?"

"अध्यक्ष म्हणून माझी अडचण समजून घे," ताई म्हणाल्या. "मंडळातून तुझं नाव कमी करावं लागेल. पावसाळ्यात रोपंही दुसरीकडून घेऊ."

भावाने हात झटकले. "बरं, अध्यक्षबाई," म्हणाला, आणि उतरून गेला. जन्मात पहिल्यांदा त्याने तिला ताई म्हटलं नाही.

दोन-चार दिवसांत बातमी आली, की तो सासुरवाडीला चाललाय. मेव्हण्याच्या जमिनीत नर्सरी नेतोय, कायमचीच. ताईंनी ऐकलं आणि एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

त्याच सुमारास प्लंबरच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. त्याचं घर रस्त्याच्या पलीकडे, नर्सरीपासून चांगलं लांब. अंगणातला हातपंप कित्येक वर्षं मेलेला. सुनेने गंमत म्हणून दांडा मारला, तर पाणी आलं, आणि तेही हिरवं. प्लंबरची बायको अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी विचारत होती, "चोर घरात ठेवून बाहेर पहारे करता होय? सांगा, तळ्यातून कधी आणलंत?"

"अगं, मी कशाला आणू!"

"मग हे काय माझ्या माहेरून आलं?"

प्लंबरने दुपारपर्यंत हातपंपाला पोतं गुंडाळून ठेवलं. पण तोवर किराणावाल्याच्या विहिरीत रंग दिसला. मग हेडमास्तरांच्या कोरड्या पडलेल्या आडात. त्या आडात तर ते वर्षानुवर्षं पालापाचोळा टाकत होते. हेडमास्तर काठावर ओणवे होऊन बराच वेळ बघत राहिले. मग पायरीवर बसले आणि कपाळाला हात लावला.

ताई धावत आल्या होत्या. "काय झालं, मास्तर?"

"बाई, आपण तो बांध कशाला घातला होता हो?"

ताईंनी आडात वाकून पाहिलं.

"मुरावं म्हणूनच ना? मीच ओरडून सांगत होतो. मग बदकं आली, आणि आपण सगळे बाकावर बसलो." ते हसले, पण डोळे भरले होते. "पाण्याने सांगितलेलं काम केलं, बाई. आणि आपण त्यालाच चोरीला गेलं म्हणालो."

ताई पुढचं ऐकायला थांबल्या नाहीत.

नर्सरीच्या फाटकात टेम्पो उभा होता. भाऊ कुंड्या चढवत होता, वहिनी दाराशी पेटीवर बसली होती. ताई धापा टाकत पोचल्या. त्याने वळून पाहिलं नाही.

"तळं मुरतंय रे. सगळ्यांच्या विहिरींना हिरवं पाणी आलंय. प्लंबरच्यासुद्धा!"

"कळलं. ओरड्यावरून कळलं."

"मग आता कशाला चाललास?"

त्याने कुंडी टेम्पोत ठेवली. "हिरव्या पाण्याने मला सोडवलं, होय? ते पलीकडे गेलं नसतं तर मी चोरच होतो ना? ती नळी, ताई, वर चढत होती. तुमच्या बांधावरची रोपं उन्हाने माना टाकत होती, त्यांना माझ्या विहिरीचं पाणी देत होतो. चार पावलं चढून तिचं टोक तरी बघायचं होतंस."

त्याच्या तोंडून 'ताई' आलं, ते त्याच्याही लक्षात आलं नाही. तिच्या मात्र आलं.

ताई टेम्पोपाशी गेल्या, त्याने नुकतीच ठेवलेली कुंडी उचलली आणि खाली ठेवली. त्याने दुसरी चढवली. त्यांनी तीही उतरवली. तो मोठी घेऊन आला. ताईंना ती पेलेना, तरी छातीशी धरून त्यांनी ती उतरवली, साडी चिखलाने माखली.

"कंबर मोडेल तुझी."

"मोडू दे."

टेम्पोवाला इतका वेळ विडी ओढत पाहत होता. तो वहिनीला म्हणाला, "वहिनी, यांचं काय ते ठरवा बुवा. मी भाडं नेण्याचं घेतो. न नेण्याचं किती घ्यायचं, मला माहीत नाही."

वहिनी तोंडाला पदर लावून हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

भाऊ थांबला. "बैठकीत सगळ्यांसमोर माझं नाव काढलंस."

"सगळ्यांसमोरच सांगेन."

"काय सांगशील? रंग फिरला म्हणून?"

"नाही." ताईंना श्वास लागला होता. त्यांनी टेम्पोची फळी धरली. "सांगेन, रंग टाकायच्या आधी, तुझ्या घरच्या पाण्याचा मी वास घेतला होता. तुझ्या बायकोने प्रेमाने दिलेल्या पाण्याचा. वास घे म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, लोकांनीही नाही. माझं मीच. हे सांगेन."

टेम्पोवाल्याने विडी विझवली.

भावाच्या हातात एक कुंडी होती. त्याने ती टेम्पोच्या कडेवर टेकवली. आत ढकलली नाही, खाली घेतली नाही, नुसती दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. ताईंनी पलीकडून हात लावला. तिच्या बोटांना त्याची बोटं लागली. त्याने काढून घेतली नाहीत.