नळामागचा ओला कोंडा

वेल्समधल्या कार्डिफ शहरात एका घरामागच्या शेडमध्ये फळीवर पालथा ठेवलेला जुना निळा कूलबॉक्स म्हणजे मी, मित्रांनो.

मूळचा मी सहलीतला. माझी कडी तुटली तेव्हा अंबरीश डॉक्टर मला टाकून द्यायला निघाले होते. शेजारच्या गॅरेथने वाटेत अडवलं. तो निवृत्त प्लंबर.

"टाकतोस काय, डॉक? ऊब धरून ठेवतो तो!"

त्याने माझ्या कुशीत भोक पाडून पितळी नळ बसवला. पोटात तांब्याची नळी घातली, तिला करवतीने बारा चिरा पाडल्या. सातवी वाकडी गेली. "ती माझी सही," म्हणून तो हसला.

तेव्हापासून महिन्यातून एकदा माझ्यात मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा भरडा आणि कढत पाणी पडायचं. तासभर मी ऊब सांभाळायची. मग चिरांतून गाळलेला गोड काढा नळाने खाली यायचा, कोंडा वर राहायचा. त्या काढ्याची दोघं बिअर करत. ते मोठ्यांचं पेय. तुम्हाला त्याच्याशी काही करायचं नाही.

डॉक्टरांच्या पत्नी ऋजुताताई रोज पूजा-पारायण करणाऱ्या. त्या थेंबालाही शिवत नसत. पण खरकटं भांडं त्यांना बघवत नसे. नळ खोलून, नळीतून ब्रश फिरवून त्या मला धूत आणि पालथा घालत.

"ताम्हनापेक्षा ह्याची बडदास्त जास्त!" डॉक्टर चिडवायचे.

"देव अजून रागावला नाही ना? मग तुम्ही कशाला बोलता?"

चातुर्मासात मात्र मला पूर्ण सुट्टी. डॉक्टर बिअर करत नसत, आणि ताई त्या सामानाला हात लावत नसत. गेल्या वर्षी आषाढी दशमीला डॉक्टरांनी घाईने शेवटचा घाणा घातला. तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला. त्यांनी कोंडा उपसला, वरवर विसळलं, झाकण लावलं. ताई धुतीलच, असं त्यांना वाटलं. सकाळी ताईंनी बंद झाकण पाहिलं. यांनी धुतलं असणार, असं त्यांना वाटलं. त्यांचा हात पुढे आला आणि मागे गेला. एकादशी लागली होती.

नळामागे ओला कोंडा अडकला होता. मला सांगता येत नव्हतं. चार महिने मी अंधारात कुजत राहिलो.

कार्तिकीनंतर गॅरेथ आला. तो कायमचा न्यूझीलंडला, लेकीकडे निघाला होता. "जायच्या आधी एकदा आपल्या डब्यातली, डॉक."

झाकण उघडताच डॉक्टरांनी नाक धरलं. दोनदा सोड्याने घासलं. "चकाकतोय की आतून," ते म्हणाले. नळ खोलायचं राहून गेलं.

काढा उकळल्यावर जंतू मरतात. वास मात्र राहिला. निघायच्या दुपारी, दारात बॅगा असताना, गॅरेथने तयार झालेल्या बिअरचा घोट घेतला आणि थांबला. डॉक्टरांनीही चाखली. त्यांची मान खाली गेली.

"सॉरी, गॅरेथ. बुरशीची चव लागतेय."

"वेल्सची ओल लागतेय," गॅरेथ म्हणाला. "तीच तर इथे राहून जाणार होती." आणि त्याने सगळा ग्लास संपवला. ओतून दिला असता तर मला कमी लागलं असतं.

टॅक्सी गेल्यावर ताईंनी पाना आणून नळ खोलला. काळा लगदा हातावर आला.

"अहो, मी विचारायला हवं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "हात लावायचा नव्हता. विचारलं असतं, तर नेम मोडला नसता."

कागद आणून डॉक्टरांनी ताईंचा हात पुसला.

मित्रांनो, हाताने घडवलेल्या आम्हा वस्तूंचं फार साधं असतं. काम झालं की आम्हाला खोला, धुवा, कोरडं होऊ द्या. आणि दुसऱ्याने केलंच असेल असं वाटलं, तर एकदा विचारा.

यंदा दशमीला दोघांनी मिळून मला धुतलं. ताईंनी नळी उजेडात धरून एकेका चिरेत ब्रश घातला. सातवीपाशी त्या जरा थांबल्या. मग मला पालथा घालून, नळ उघडा ठेवून, त्या देवापाशी दिवा लावायला गेल्या.