सत्तावन्नाच्या ओळीतले बाबा

या गोष्टीवर कुणीही विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मागे एकदा सांगितली तेव्हा ऐकणाऱ्यांतले एक निवृत्त न्यायाधीश अर्ध्यातच उठले, रागाच्या भरात चपला उलट्या घातल्या आणि तसेच निघाले. अजून ते मागच्या मागे चालतात म्हणे. तेव्हा ज्याला ऐकवत नसेल त्यानं आत्ताच चपला नीट बघून घ्याव्यात. नातीनं तर सुरुवातीलाच भुवई उचलली आहे. उचलू दे. तिला विद्यापीठात हाच विषय घ्यायचा आहे, म्हणून तर ही गोष्ट काढली.

तर एक मुलगी होती. तिला सगळे दशांश म्हणायचे. तीन वर्षांची असताना पाहुण्यांनी गाल ओढून वय विचारलं, तर म्हणाली, "तीन पूर्णांक चार दशांश." पाहुणे चहाला न थांबता गेले. चौथीत असताना तिनं इमारतीचा जिना मोजला, तर साडेत्रेपन्न पायऱ्या भरल्या. तिनं गवंड्याचा पत्ता काढला, त्याला आणून उभं केलं, आणि त्या माणसानं सगळ्यांसमोर कबूल केलं की शेवटी सिमेंट कमी पडलं होतं.

घरात ती आणि तिचे बाबा, दोघंच. आई ती रांगत असतानाच गेलेली. भिंतीपलीकडे आत्या, बाबांची थोरली बहीण. तिनं स्वयंपाकघरात शिंक दिली की वरच्या मजल्यावरची माणसं झोपेतून "शंभर वर्षं जग" म्हणायची.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. ग्रीसनं काळी झालेली बोटं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि तोंडात थापा. थापा म्हणजे साध्यासुध्या नव्हेत, कामाच्या. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली, आत माणसं घामाघूम, दारावर थापडा मारताहेत, अशा वेळी बाबा आधी पाना काढत नसत. दाराच्या फटीला तोंड लावायचे आणि सुरू व्हायचे, "काही नाही हो, जरा लाडावलीय. हिची थोरली बहीण तर रुसून गच्चीच्या वर निघून गेली होती. पलीकडच्या इमारतीवर जाऊन बसली. आतल्या माणसांना तिकडेच नोकऱ्या लागल्या, दोघांची लग्नं जमली..." आतून आधी शिव्या यायच्या, मग प्रश्न, मग हसू. एकदा दार उघडलं तरी आतली अकरा माणसं बाहेर येईनात. गोष्ट संपायची होती.

"बाबा, त्यांना सरळ सांगत का नाही तुम्ही? की दोर घासलाय, तासभर लागेल?" दशांशनं एकदा विचारलं.

"अडकलेल्या माणसाला खरं सांगून काय करायचं, बाळा? त्याचा तासभर काढून द्यायचा. खरं काय, बाहेर आल्यावर दिसतंच."

दशांशला ते पटलं नाही. तिला चार तासांवरच्या शहरात विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि तिनं विषय घेतला विमागणित. आत्यानं गल्लीभर करून टाकलं, "आमची पोर माणूस कधी मरणार ते सांगायला शिकतेय." झालं! सुट्टीत ती घरी आली की लोक रस्ता ओलांडून पलीकडे जायला लागले. वाणी तर दोन्ही हात पाठीमागे लपवायचा, हातावरच्या रेषा हिनं वाचू नयेत म्हणून.

"आत्या, एकेकट्याचं नाही गं सांगता येत. लाखभर माणसांचं मिळून सांगता येतं."

"आणि एकट्याचं?"

"एकट्याचं काहीच कळत नाही."

"मग एवढी फी कशाला? ते तर मलाही येतं!"

पहिल्या दिवशी वर्गात साठ मुलं होती. सर आले, खडूनं भुवयांपर्यंत पांढरे झालेले, मुलं त्यांना चित्रगुप्त म्हणायची. त्यांनी फळ्यावर एक लाख लिहिले. म्हणाले, "ही एक लाख बाळं आज सकाळी जन्मली. आता यातलं शेवटचं मरेपर्यंत आपल्याला इथून हलायचं नाही." तो मृत्यूचा तक्ता. वयाची एकेक ओळ; त्या वयाला किती पोचले, त्या वर्षात किती गेले. खाली खाली जावं तशी माणसं विरळ होत जातात आणि शेवटच्या ओळीत शून्य. तिसऱ्या वर्षापर्यंत वर्गात साठाचे चौदा उरले. सरांनी त्यांचाही तक्ता करून भिंतीवर लावला होता.

एक गोष्ट मात्र सर रोज घोकून घ्यायचे. "आकडा खोटं बोलत नाही. अर्ज बोलतो. माणसानं स्वतःबद्दल भरलेल्या विम्याच्या अर्जावर डॉक्टरची सही नसेल, तर त्याला अर्ज म्हणायचं नाही, कादंबरी म्हणायचं." मग ते कपाटातून जुन्या अर्जांचा गठ्ठा काढून वाटायचे, आणि मुलं लाल पेननं खोटे अर्ज शोधायची. दशांशच्या हातून एकही सुटत नसे. वजन आणि उंची बघून ती सांगायची, हा माणूस जिना चढताना थांबतो. एका अर्जाचा तर नुसता वास घेऊन म्हणाली, बिडी. सरांनी अर्ज नाकाला लावला आणि मान डोलावली.

दर रविवारी ती घरी फोन करायची. पहिल्याच महिन्यात तिनं सांगितलं, "बाबा, तुम्ही सत्तावन्नाच्या ओळीत आहात."

"ओळ सरळ आहे ना?"

"हो, सरळ आहे."

"माझ्यापुढे कोण?"

"अठ्ठावन्नवाले."

"त्यांना म्हणावं, सावकाश जा. मला काही घाई नाही."

असे रविवार जात जात तिसऱ्या वर्षाचा शेवटचा पेपर आला. हा पेपर वर्षातून एकदाच. हुकला की वर्ष गेलं, आणि फीसाठी बाबांनी आणखी वर्षभर शिड्या चढायच्या. पेपरला एकोणीस दिवस होते तेव्हा फोनवर बाबांना खोकल्याची उबळ आली. चांगली लांब आली. दशांशनं सवयीनं मोजली, बावीस सेकंद.

"खोकला कसला?"

"लिफ्टच्या खड्ड्यातली धूळ गं. वीस वर्षांची साठलेली. त्यात मला एक पितळी बटण सापडलं, राजाच्या कोटाचं."

"बाबा, बटण राहू दे. मी अर्ज वाचते, तुम्ही खरी उत्तरं द्या. वय?"

"सत्तावन्न."

"सिगारेट?"

"सिनेमात कुणी ओढली तरी मी डोळे मिटतो."

"वजन कमी झालंय?"

"पँट सैल झालीय. शिंपी म्हातारा झाला, त्याला दिसत नाही."

"अलीकडे दवाखान्यात दाखल झाला होतात?"

"मी दवाखान्यात फक्त लिफ्ट बघायला जातो."

त्यांच्या मागून लोखंडी चाकांचा कुरकुरता आवाज आला.

"हे काय वाजतंय?"

"मशीन. तेल मागतेय बिचारी. बोल, किती आली माझी किंमत?"

दशांशनं पेन्सिल चालवली. सत्तावन्न वर्षांचा निरोगी माणूस पुढच्या एकोणीस दिवसांत जाण्याची शक्यता. "दहा हजारांत पाचसुद्धा नाहीत, बाबा."

"अरे वा! मग त्या पाच जणांना कळव हो कुणीतरी. बेसावध असतील बिचारे." आणि ते हसले, हसता हसता पुन्हा उबळ आली, आणि फोन आत्याकडे गेला. आत्या एवढंच म्हणाली, "अभ्यास कर." तिचा आवाज इतका लहान होता की फोनमध्ये बिघाड असावा असं दशांशला वाटलं.

आता चूक बघा. शेकडो अर्ज लाल पेननं आडवे करणारी ही पोर, आणि बापाचा अर्ज तिनं सहीविना पास केला. दुसऱ्या कुणाची पोर असती तर घाबरून रात्रीची गाडी धरून घरी आली असती. हिला आकडा काढता येत होता, म्हणून ही थांबली. आकडा लहान यायला हवा होता, तो लहान आला, आणि ती पोटभर जेवून अभ्यासाला बसली.

तिकडे बाबा आठ दिवसांपासून इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर होते. फुप्फुसात पाणी, आणि पाण्याच्या खाली आणखी काही. आत्याला त्यांनी बजावलं होतं, "पोरीचा पेपर होईपर्यंत तोंड उघडलंस, तर मी तुझ्याशी बोलणार नाही." साठीला टेकलेल्या भावानं अशी धमकी दिली आणि आत्या घाबरली. ती रोज फोनपर्यंत जायची आणि परत यायची.

पेपरचा दिवस उजाडला. दहाची वेळ. उंच छताचं सभागृह, चौदा बाकं, दारावर मोठं घड्याळ. प्रश्न सहा, वेळ तीन तास. पहिले तीन तिनं असे सोडवले की कागदातून धूर निघत होता. पर्यवेक्षक पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभा राहिला. मग आला चौथा. 'एका अर्जदाराने वय कमी सांगितले आहे व आजार लपवला आहे. योग्य तो बदल करून शक्यता पुन्हा काढा.'

तिनं समासात लिहिलं, सांगितलेलं वय. आणि हातानं आपलं आपण पुढे लिहिलं, सत्तावन्न.

ती त्या आकड्याकडे बघत राहिली. आज सत्तावन्न. गेल्या वर्षी, तिच्या अर्जावर पालकांचं वय लिहिताना, सत्तावन्न. आणि पहिल्या वर्षी फोनवर ओळ सांगितली तेव्हा? तेव्हाही सत्तावन्नच. तीन वर्षं एक माणूस एकाच ओळीत उभा होता, आणि जिला जिन्यातली अर्धी पायरी दिसली, तिला हे दिसलं नव्हतं.

मग बाकीचं भराभर आलं. लिफ्टचं मशीन एका जागी असतं, ते घुमतं. फोनमधला आवाज एका बाजूनं आला होता आणि दुसऱ्या बाजूला गेला होता. ते तेल मागणारं मशीन नव्हतं. कुणाला तरी ढकलत नेत होते. सैल पँट. बावीस सेकंद. आत्याचा लहान झालेला आवाज. तिनं समासातच नवा आकडा मांडला. एकोणसाठ, फुप्फुस, इस्पितळ. आता दहा हजार लागत नव्हते. दोन माणसं पुरत होती, त्यातला एक.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. चौथा अर्धवट होता, पुढचे दोन प्रश्न राहिले होते.

आणि ती उठली! अशी उठली की बाक उलटलं, पर्यवेक्षक बाटलीसकट भिंतीला चिकटला. "बाहेर गेलात तर परत येता येणार नाही," तो ओरडला. दशांश दाराकडे गेलीच नाही, दाराला वेळ लागला असता. ती दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून सरळ खाली, रस्त्यानं गाद्या घेऊन चाललेल्या गादीवाल्याच्या गाडीवर! गादीवाला म्हणाला, "ताई, कोणती देऊ?" ती म्हणाली, "हीच, पण चालती ठेवा." बस सुटली होती. ती बसमागे धावली, बस मागे पडली. सिग्नल तिला बघून लाजेनं हिरवे झाले. वाटेतल्या नदीवर पूल होता, पण तो वळसा घालत होता, म्हणून तिनं पूल घेतलाच नाही. चार तासांचं अंतर तिनं एक तास सात मिनिटांत कापलं. चपलांचे तळ नदीअलीकडेच राहिले.

इस्पितळाची लिफ्ट अर्थातच बंद होती, ज्यानं दुरुस्त करायची तो तिसऱ्या मजल्यावर झोपलेला. ती दोर धरून वर चढली.

बाबा उशीला टेकून बसले होते. तिला बघून म्हणाले, "पेपर?"

"संपला," ती म्हणाली. जन्मातली पहिली थाप, आणि काय सहज आली!

"सोपा होता?"

"चौथा तुमच्यावरच होता. बाबा, वय किती तुमचं?"

ते ओशाळं हसले. "एकोणसाठ. साठच धर. तू ओळ सांगितलीस ना, ती मला आवडली. म्हटलं, पोरीचं होईपर्यंत इथंच उभं राहू. कुणी हटकलं नाही."

तिनं त्यांचा हात हातात घेतला. नर्सनं घासून घासून ग्रीस काढलं होतं. बोटं इतकी गोरी, इतकी स्वच्छ की कुणाची आहेत ते ओळखू येईना. नखांच्या कडेला तेवढी एक काळी रेघ राहिली होती, तिच्यावरून ओळखली. मग बाबांनी अकरा माणसांची ती गोष्ट पुन्हा सांगायला घेतली, आणि या वेळी शेवटपर्यंत सांगितली. त्या लिफ्टमधल्या माणसांचं पुढे काय झालं, कोण कुठे गेलं, सगळं. आत्या दारात उभी राहून हसत होती, रडत होती, आणि तिचा आवाज पुन्हा मोठा झाला होता. ऊन खिडकीतून पलंगावर आलं. दशांशनं हात सोडला नाही. आणि बाबा तिला म्हणाले, "बाळा, तू आलीस, आता मला काही..."

"खोटं," नात म्हणाली. "आजी, तू पोचलीस तेव्हा पलंग रिकामा होता. आईनं सांगितलंय मला. तू पेपर सोडून उठलीच नव्हतीस. सहाच्या सहा प्रश्न सोडवलेस तू."