जिथे टाचणी लागली नाही

मित्रांनो, तुम्ही आरशात पाहता तेव्हा आरसाही तुमच्याकडे पाहत असतो, हे कुणी तुम्हाला सांगितलं आहे का? मी एका शिंप्याच्या दुकानातला जुना, माणूसभर उंचीचा आरसा आहे. माझी चौकट सागवानी आहे, खालच्या डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेला आहे. त्या टवक्याचा मला अभिमान आहे. तो कसा उडाला, हे सांगण्यासाठीच आज बोलतो आहे.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. फक्त पाठीवर चढवलेला चंदेरी लेप आणि त्याचा गारवा आठवतो. मग एका तरुण शिंप्याने मला विकत घेतलं. शिवणकाम करणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात, तसे तेही मास्तरच. त्यांनी मला दुकानाच्या मागच्या भिंतीशी उभं केलं आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "तू खोटं बोलायचं नाहीस. गिऱ्हाईक बोलेल, तू नाही."

त्याचा अर्थ मला हळूहळू कळला. मास्तर कुठलाही कपडा आधी कच्च्या टाक्यांनी जोडत आणि गिऱ्हाइकाला माझ्यासमोर उभं करत. "कसं वाटतंय?" असं त्यांनी कधीच विचारलं नाही. तसं विचारलं की माणूस भिडेखातर "छान" म्हणतो. ते म्हणत, "हात वर करा. आता खाली बसा. वाका." आणि माझ्यात पाहत राहत. कापड कुठे ओढलं, माणसाने नकळत कॉलर कुठे सारखी केली, तिथे टाचणी लावत. मग शिलाई उसवून पुन्हा घालत.

मास्तरांना एकच मुलगी. लहानपणी दुकानभर रिळासारखी गडगडत फिरायची, म्हणून ती रिळू. ती माझ्यासमोर वाढली. मोठी होऊन चित्रफिती बनवायचं शिकायला महाविद्यालयात गेली. त्याच सुमारास मास्तरांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी सुई ओवताना, नंतर कपबशी उचलताना. गिऱ्हाइकासमोर ते हात खिशात घालून उभे राहू लागले. मशीन दिवसातून तासभरच चालायचं. माझ्यावर धूळ बसायला लागली ती तेव्हापासून.

शेवटच्या वर्षी रिळूच्या गटाला एका गाण्याची चित्रफीत करायची होती. गटात तिघं होती. कॅमेरा धरणारा उंच मुलगा, त्याला सगळे उंट म्हणत. गाणारी मुलगी भोंगा, कारण तिचा आवाज शेजारच्या गल्लीत ऐकू जाई. आणि रिळू. रिळूच्या मनात एकच होतं: बाबांचं दुकान बंद होण्याआधी त्यांचे हात मोठ्या पडद्यावर दिसायला हवेत. गाण्याचा ठेका त्यांनी मास्तरांच्या मशीनवरून घेतला. सेकंदाला बरोबर एक ठोका.

बारा दिवस चित्रीकरण चाललं. पण मित्रांनो, रिळूने एक चूक केली, आणि ती प्रेमापोटी केली. हात जिथे जिथे थरथरला, तिथे तिथे तिने कात्री लावली. उरले ते अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे तुकडे.

चित्रफीत वर्गमित्रांना दाखवली. अडतीस जणांनी कागदावर अभिप्राय लिहिला. रिळूने ते माझ्यासमोर बसून वाचले. "छान." "मस्त." "एक नंबर." एकाने फक्त अंगठा काढला होता. ती खूश झाली. पण शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "पाहून झालं आणि मला काहीच आठवत नाही. प्रेक्षकांना पुन्हा दाखवा, ते काय सांगतात त्यावरून सुधारा. शुक्रवारपर्यंत झालं नाही, तर वार्षिक कार्यक्रमातून काढावं लागेल."

रिळू दुकानात येऊन स्टुलावर धपकन बसली.

"अडतीस जणांना आवडलं, बाबा! आणखी काय विचारायचं लोकांना?"

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय विचारलंस?"

"आवडलं का, असं."

"म्हणजे गिऱ्हाइकाला दारातच 'कपडा छान झालाय ना?' विचारलंस. तो काय बोलणार बिचारा? किती लांब आहे तुझं गाणं?"

"दीडशे सेकंद."

मास्तर हसले. गळ्यातली टेप काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "दीडशे सेंटिमीटर. माझ्या मापाचं आहे की! रविवारी दुपारी माणसं बोलाव."

रविवारी दुकानात दहा-बारा माणसं दाटीवाटीने बसली. पेपरवाले काका, औषधाच्या दुकानातल्या काकू, रिळूची आत्या, वरच्या मजल्यावरची दोन शाळकरी भावंडं. कपाटावर पांढरं अस्तर ताणून पडदा केला होता. मला त्या पडद्याशेजारी, माणसांकडे तोंड करून उभं केलं. मास्तर सगळ्यांच्या मागे बसले. त्यांना पडद्यावरचं काही पाहायचं नव्हतं. त्यांना माझ्यात चेहरे पाहायचे होते.

गाणं सुरू झालं. ठेक्याला एक सेंटिमीटर, अशी टेप त्यांच्या डाव्या हातातून सरकू लागली. कुणी मान वळवली, टेपला टाचणी. कुणी जांभई दिली, टाचणी. उजवा हात थरथरत होता. काही टाचण्या वाकड्या लागल्या, एक बोटाला लागली. पण ते थांबले नाहीत.

गाणं संपताच टाळ्या झाल्या. "फार छान हो, फारच छान," औषधवाल्या काकू म्हणाल्या.

"काकू," मास्तर म्हणाले, "बावीसवर तुम्ही पर्स का उघडलीत?"

"मी? छे, मी कुठे?"

"आरशाने पाहिलंय."

सगळे हसले. काकू ओशाळल्या, मग खरं बोलल्या. "अहो, चित्र नुसतं फडफडत होतं. डोळे दुखायला लागले."

एकदा दार उघडलं की मग काय! पेपरवाले काका म्हणाले, "कोण काय शिवतंय तेच समजेना. सुरुवात करायच्या आत संपतं." आत्याने भोंग्याकडे बोट दाखवलं. "हिचा आवाज गोड आहे, पण शब्द गिळते. जेवून आली नव्हतीस का गं?" भोंगा खळखळून हसली आणि वहीत लिहून घेतलं.

माणसं गेल्यावर रिळूने टेप टेबलावर पसरली. साळिंदरासारखी दिसत होती ती. रिळूचा चेहरा उतरला.

"सगळीकडेच ओढतंय."

"सगळीकडे नाही. नीट बघ," मास्तर म्हणाले. "शहाण्णव ते एकशे चार. एक तरी टाचणी दिसते? तिथे कोणी पापणीसुद्धा हलवली नाही. ती दोन पोरंसुद्धा गप्प. काय आहे तिथे?"

उंट खाली पाहू लागला. शेवटी रिळूनेच सांगितलं, "तुम्ही सुई ओवताय. ते चुकून राहिलंय, बाबा. मी काढणार होते. त्यात... तुमचा हात हलतोय."

मास्तरांनी खिशातून हात काढला. टेबलावर, टेपशेजारी, उजेडात ठेवला. तो थरथरत होता.

"हलतोच आहे तो," ते म्हणाले. "पण दोरा गेला की नाही?"

"गेला."

"किती वेळात?"

"बेचाळीस सेकंद लागले. कात्रीतून फक्त आठ सुटले."

"मग उरलेले चौतीस मला परत दे. माझे आहेत ते."

रिळूने काय केलं असेल? तिने मान फिरवली, आणि नेमकी माझ्याकडे. म्हणून तिचे डोळे फक्त मीच पाहिले. मग ती नाक पुसून म्हणाली, "उंटा, सगळं पुन्हा उसवायचं."

चार दिवस त्यांनी उसवलं आणि जोडलं. फडफडणारे तुकडे गेले. एक सदरा पहिल्या टाक्यापासून शेवटच्या बटणापर्यंत दिसू लागला. भोंगा शब्द मोकळे सोडून गायली. आणि मधोमध गाणं थांबवून बेचाळीस सेकंदांची ती सुई. गुरुवारी तीच माणसं पुन्हा बोलावली. या वेळी टेप संपली तरी गाणं संपलं नाही. मास्तरांनी उरलेले सेकंद बोटांवर मोजले. टाचण्या लागल्या चारच. शुक्रवारी रिळूने चित्रफितीसोबत रविवार आणि गुरुवार, दोन्ही दिवसांच्या टाचण्यांचे आराखडे मॅडमपुढे ठेवले. मॅडमनी ते भिंतीवर धरून पाहिले. "हे मी वर्गात लावणार," एवढंच म्हणाल्या, आणि यादीत नाव राहिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मास्तर हटून बसले. "आरसा नेल्याशिवाय मी येणार नाही."

उंट आणि भोंगा मला उचलून रस्त्यातून निघाले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यात आभाळ आलं. झाडं आली, दुकानांच्या पाट्या आल्या. सभागृहाच्या पायरीवर उंटाचा पाय घसरला आणि माझा कोपरा उडाला. "हरकत नाही," मास्तर म्हणाले, "आता आपण दोघेही सारखे."

मला रंगमंचाच्या कडेला उभं केलं. मास्तर पहिल्या रांगेत, हातात टेप. दिवे मालवले. पाचेकशे माणसांचे चेहरे माझ्यात उजळले. ती सुई आली. संगीत थांबलं. दोरा सुईच्या नाकाशी गेला आणि चुकला. पुन्हा चुकला. मागच्या रांगेतली मुलं पुढे झुकली. कुणाच्या तरी तोंडून "अरे, अरे" निघालं. पुन्हा चुकला. आणि मग गेला!

मित्रांनो, असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. माणसं उभी राहिली होती. गाणं पुन्हा सुरू झालं होतं, पण टाळ्यांत ते ऐकूच येईना. मास्तर पडद्याकडे पाहत नव्हते. माझ्यात ती सगळी उभी माणसं पाहत होते, आणि त्यांचा उजवा हात खिशात नव्हता. टेपला त्या दिवशी एकच टाचणी लागली. आत्या शिंकली होती.

त्यानंतर तीन वर्षं मास्तर होते. मग दुकान रिकामं झालं. माझ्यावर जुनी चादर टाकून मला एका खोलीत ठेवलं. रिळू त्या खोलीत येत नसे. मी तिला दोष देत नाही. ज्या आरशात आपल्या माणसाला रोज पाहिलं, त्यात एकट्याने पाहणं सोपं नसतं.

एका सकाळी तिने चादर ओढली. कोरड्या फडक्याने मला पुसलं, टवक्यावरून अंगठा फिरवला. आज मी तिच्या कामाच्या खोलीत, पडद्याशेजारी, माणसांकडे तोंड करून उभा आहे. तिच्याकडे शिकायला मुलं येतात. आपलं काम दाखवताना त्यांच्या हातात ती एक टेप देते.

मुलांनो, जुन्या वस्तूंना चादरीखाली फार दिवस ठेवू नका. आम्हाला कोरडं फडकं पुरतं. आणि कुणाला काही दाखवाल, तेव्हा "आवडलं का?" एवढ्यावर थांबू नका. कुठे ओढतंय ते पाहा, उसवायला लाजू नका. पण जिथे एकही टाचणी लागली नाही, तिथे कात्री लावण्याआधी दहादा थांबा.

कालच एक नवी मुलगी टेप घेऊन मागे बसली होती. गाणं संपल्यावर ती बिचकत म्हणाली, "ताई, तुमच्या या नव्या चित्रफितीत सत्तरवर ओढतंय."

रिळू माझ्यात पाहून हसली. अगदी मास्तरांसारखी.

"दाखव," ती म्हणाली. "उसवू."