देवघराशेजारचा डबा

यंत्र बिघडलं तर माझी हरकत नाही. बिघडावं, पण माझ्यासमोर बिघडावं. मी समोर बसले की शहाण्यासारखं चालायचं आणि मी पाठ फिरवली की मान टाकायची, असली नाटकं मी माणसांचीसुद्धा चालवून घेत नाही.

यंत्र माझंच. ऑफिस सुटल्यावर सोल्डरिंगची बंदूक घेऊन बसायचा मला नाद आहे, त्यातून बनवलेलं. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात एक छोटा बोर्ड आणि त्यावर नखाएवढा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे डब्याचा मेंदू. गंगापूर रोडला मनोजदादाचा फ्लॅट आहे, त्याच्या मुख्य दाराला लोहचुंबक आणि स्विच बसवलेला. दार उघडलं की डब्याला कळणार, आतल्या खोलीत घंटी वाजणार आणि माझ्या फोनवर मेसेज येणार. ज्योत्स्नावहिनी घरूनच काम करते. तिच्या कानांत सदा हेडफोन, म्हणून घंटी मुद्दाम कर्कश घेतली होती.

हे सगळं अण्णांसाठी. आमच्या वडिलांनी, ढुंढिराजगुरुजींनी, सगळं आयुष्य त्र्यंबकेश्वरला पौरोहित्य केलं. आई गेल्यावर दादाने त्यांना इकडे आणलं आणि मग त्यांना विसरायला होऊ लागलं. आज वार कोणता, आपण जेवलो की नाही, काही आठवत नाही. मंत्र मात्र एकही विसरलेले नाहीत. सकाळची पूजा आटोपली की त्यांना वाटतं, तिकडे यजमान खोळंबलेत. उपरणं खांद्यावर टाकतात आणि निघतात. एकदा सातपूरच्या पुढे सापडले, भर रस्त्यावर, ट्रकांच्या गर्दीत.

त्या दिवशी दादा म्हणाला, "त्यांच्या खोलीला बाहेरून कडी लावू."

"माणूस आहे तो, दादा. गुरं बांधतात तसं बांधून ठेवणार?"

"मग तू येऊन बस दिवसभर!"

हा डबा त्या भांडणातून निघाला. दादाने अट घातली. डबा चालतोय तोवर ठीक, पण तो बंद पडून अण्णा पुन्हा बाहेर गेले तर कडी. आणि लगेच सुताराला बोलावून त्याने कडी ठोकूनही घेतली. "लावत नाहीये, नुसती बसवून ठेवतोय," म्हणे. त्या पितळी कडीकडे नजर गेली की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

डबा काही दिवस नीट चालला. मग त्याची थेरं सुरू झाली. सकाळी वहिनीचा फोन यायचा, "अगं, तुझ्या डब्यावरचा दिवा नुसता फडफडतोय, दार उघडलं तरी घंटी नाही." संध्याकाळी ऑफिसमधून तडफडत तिथे पोचावं, तर सगळं झकास चालू. दार दहादा उघडावं, दहादा घंटी वाजावी. वहिनी कपाळाला हात लावायची आणि दादा छद्मी हसायचा. "रेडीमेड आण ना काहीतरी. का उगाच शास्त्रज्ञ व्हायचंय?"

मला त्याच्या डोक्यात तो डबाच घालावासा वाटायचा.

अॅडाप्टर बदलला. सकाळी मिक्सर चालतो, तेव्हा वीज कमी-जास्त होत असेल म्हणून कपॅसिटर लावला. चिप नवी घातली. अडकली तर आपोआप पुन्हा सुरू होईल असा प्रोग्राम लिहिला. झालं काय, तर ती अडकायची, सुरू व्हायची, परत अडकायची. शनिवारी डबा माझ्या घरी, इंदिरानगरला नेला आणि रविवारभर टेबलावर चालवला. एकदाही चुकला नाही मेला! चिपच्या पायांपाशी पिवळट डाग तेवढे दिसायचे. ते सोल्डरिंगला लागणाऱ्या चिकट फ्लक्सचेच, असं धरून मी दर वेळी स्पिरिटने पुसायची आणि आपल्याच गबाळ्या हाताला शिव्या द्यायची.

मग एका सकाळी अण्णा खाली गेटपर्यंत गेले. वॉचमन हिरामणने त्यांना गोड बोलून परत आणलं. घंटी वाजली नव्हती.

संध्याकाळी दादाचा आवाज चढला नाही, तेच जास्त वाईट होतं. "मला ऑफिसात कुठलाही अनोळखी फोन आला की वाटतं, पोलीस असतील. मला नाही झेपत आता. उद्यापासून कडी."

"उद्याचा दिवस दे. मी रजा घेते, सकाळपासून इथे बसते. उद्या नाही सापडलं, तर तुझ्या मनासारखं कर."

तो नुसता "बरं" म्हणाला. त्याला खात्री होती मला सापडणार नाही याची. मलाही सापडेल असं वाटत नव्हतं.

आमच्या घरी लहानपणापासूनचा शिरस्ता आहे. अण्णा सोवळ्यात पूजेला बसले की तिथे कुणी फिरकायचं नाही. वहिनी त्या वेळात तिच्या खोलीत आणि दादा त्याच्या. राउटर आणि प्लग देवघराच्या शेजारी, म्हणून डबाही तिथेच ठेवलेला. त्या सकाळी मी शिरस्ता मोडला. डब्याला लांब वायर जोडली आणि लॅपटॉप घेऊन हॉलमध्येच जेवणाच्या टेबलाशी बसले.

"शिवू नकोस हं," अण्णा म्हणाले.

"नाही शिवत. तुमचं चालू द्या."

त्यांनी सहाणेवर गंध उगाळलं. देवांना स्नान घातलं, गंध लावलं, फुलं वाहिली. स्क्रीनवर डब्याकडून येणारे आकडे शांतपणे सरकत होते. कसलं काय, आजही हा डबा मला तोंडघशी पाडणार, असं मनात आलं आणि तेवढ्यात आकडे वेड्यासारखे उड्या मारायला लागले. मी मान वर केली.

अण्णांनी डब्याचं झाकण काढून बाजूला ठेवलं होतं. ओल्या गंधाचं बोट त्यांनी थेट चिपवर टेकवलं. मग तुळशीचं पान पंचपात्रात बुडवून बोर्डवर पाणी शिंपडलं, वर एक फूल ठेवलं आणि डोळे मिटून हात जोडले.

"अण्णा!" मी एवढ्या मोठ्याने किंचाळले की दादा टॉवेलवरच धावत आला. "अहो, विजेवर चालणाऱ्या वस्तूवर पाणी? तुम्ही बिघडवताय हे! मी वेड्यासारखी चिपा बदलतेय, आणि तुम्ही रोज पाणी ओतताय त्यावर!"

पूजा झाली की फूल उचलून झाकण परत लावत असणार. ओलं होतं तोवर डबा बंद. ऊन चढून वाळलं की चालू. मी संध्याकाळी येणार, तेव्हा तो ठणठणीत. आणि ते पिवळट डाग फ्लक्सचे नव्हतेच, गंधाचे होते.

दादाने श्वास सोडला. सुटल्यासारखाच. "म्हणजे अण्णाच हात लावतात त्याला. मग प्रश्नच मिटला, मृण्मयी. उद्या पुसशील, परवा पुन्हा लावतील. आता वाद नको."

"निदान झाकण कशाला उघडलंत?" मी अण्णांवरच ओरडले.

"झाकणाला कुणी गंध लावतं का?" अण्णांनी मला नव्या शिष्याला सांगावं तसं सांगितलं.

"पण लावायचंच कशाला? हा काय देव आहे?"

अण्णा पंचपात्र पुसायला लागले. मला वाटलं, प्रश्नच विसरले.

"हा चालला तर माझी खोली उघडी राहते ना?" ते म्हणाले. "हा बंद पडला की मनोज मला कोंडणार. मी विसरतो गं, पण कान शाबूत आहेत माझे. तुम्ही दोघं भांडता ते ऐकू येतं मला. म्हणून रोज त्याची पूजा करतो. नीट राहू दे म्हणून. मला दुसरं काय येतं?"

कुणावर ओरडू आता? अण्णांनी फूल उचलून घेतलं. बोटाला लागलेलं गंध धोतराला पुसलं. मग ते दादाकडे वळले, माझ्याकडे नाही.

"पाणी नको, गंध नको. बरं. मग मी काय करू ते सांग, म्हणजे तू कडी लावणार नाहीस."

दादाने घसरणारा टॉवेल घट्ट खोचला आणि कडीकडे पाहिलं.

मी टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि अण्णांच्या खोलीच्या दाराशी गेले.

"मृण्मयी, उद्या परत गेले तर?" दादा मागून म्हणाला.

"तर शोधायला जाऊ! तू चिडशील, मी चिडेन, आणि जाऊ! बाप आहे आपला!"

सुताराने स्क्रू चांगलाच आवळला होता. मी सगळा जोर लावला, स्क्रू ड्रायव्हर दोनदा घसरला, बोट सोलवटलं. राग आणि रडू एकदमच येत होतं.

"मनोज," अण्णांचा आवाज आला, "तिला जमत नाहीये. मदत कर की बहिणीला."

दादा आला. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातातून हिसकावून घेतला, "सरक" म्हणून खेकसला आणि स्क्रू उलटा फिरवायला लागला.