तेविसावी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. मला हात नाहीत, गादी पातळ आहे आणि मागचा डावा पाय जरा आखूड आहे. तरीही आज मी ज्या टेबलाशी उभी आहे, तिथे बसायला मिळावं म्हणून देशोदेशीची माणसं झुरतात. बढाई वाटली तर खुशाल वाटू द्या, मी ती कमावली आहे.

माझा जन्म एका मोठ्या युद्धानंतरचा. युद्धाने सगळ्यांचेच खिसे रिकामे केले होते. तेव्हा अनेक देशांनी मिळून पैसे घातले आणि एक संस्था उभी केली. एखादा देश अडचणीत आला, की तिने त्याला कर्ज देऊन सावरायचं. हेतू चांगलाच होता हो! पण ज्याचे पैसे जास्त, त्याच्या मताचं वजन जास्त, असा नियम ठरला. मग सभागृहात भलंमोठं गोल टेबल आलं आणि त्याभोवती बावीस खुर्च्या आल्या, रुंद हातांच्या, जाड गादीच्या. बड्या देशांना प्रत्येकी एक मिळाली. बाकीच्यांनी गट करून एकेक वाटून घेतली. एका गटात तर अठरा गरीब देश आणि खुर्ची एकच!

उरल्यासुरल्या लाकडातून सुताराने आम्हां बिनहातांच्या खुर्च्यांना बनवलं आणि भिंतीलगत मांडलं. आमच्यावर बसणाऱ्याने फक्त ऐकायचं. टेबलाशी बसलेला गटाचा संचालक सगळ्यांच्या वतीने बोलणार. फारच अडलं, तर त्याच्या हातात चिठ्ठी द्यायची. कित्येक वर्षं माझ्यावर माणसांपेक्षा कोट आणि छत्र्याच जास्त बसल्या.

आणि मग बाई आल्या. त्या अठरा देशांमधल्या सगळ्यांत लहान देशाच्या प्रतिनिधी. त्या रोज माझ्यावरच बसायच्या, म्हणून सगळे त्यांना ‘मागच्या बाई’ म्हणत. एके दिवशी त्यांच्याच देशाच्या कर्जाचा विषय निघाला. कर्ज मिळणार होतं, पण अट अशी, की सरकारने खर्च कमी करायचा आणि नव्या नर्सची भरती थांबवायची. बाईंच्या गावच्या आरोग्य केंद्रात एकच नर्स होती, ती त्यांची सख्खी मावशी. मावशी त्याच वर्षी निवृत्त होणार होती. तिच्या जागी कुणी आलं नाही, तर केंद्राला कुलूप!

बाईंनी भराभर चिठ्ठी लिहिली, ‘या अटीला कृपया हरकत घ्या.’ संचालकांनी ती घेतली. पण पुढचा विषय त्यांच्या स्वतःच्या देशाचा होता आणि त्यांचं डोकं त्या कागदांत बुडालेलं. चिठ्ठी गेली चहाच्या बशीखाली. त्या टेबलाशी हात वर करून मतं मोजायची पद्धत नव्हती. अध्यक्ष नुसती नजर फिरवायचे आणि गप्प बसलेल्याचा होकार धरायचे.

“कुणाचंच काही म्हणणं दिसत नाही,” अध्यक्ष म्हणाले. “मंजूर.”

बाईंची बोटं माझ्या कडेत रुतली. मला असा संताप आला म्हणून सांगू! पण भिंतीलगतच्या खुर्चीच्या संतापाला विचारतो कोण? संचालक माणूस वाईट नव्हता. सभा संपल्यावर त्याला चिठ्ठी सापडली आणि तो ओशाळून म्हणाला, की अहो, राहूनच गेलं. तिकडे मावशी निवृत्त झाली आणि केंद्राला कुलूप लागलं.

त्या दिवसापासून बाईंनी एकच ध्यास घेतला. अठरा देशांपैकी छोट्यांसाठी वेगळी खुर्ची हवी. अकरा वर्षं त्या देशोदेशी फिरल्या, मंत्र्यांच्या दालनांबाहेर ताटकळल्या. ‘झालं, बाईंचं पुन्हा सुरू झालं,’ असं म्हणून लोक हसले. केस पांढरे झाले, पण बाई हटल्या नाहीत. शेवटी सगळ्या देशांनी मत दिलं. मतांचं शंभरातलं पंचाऐंशी वजन लागत होतं, अठ्ठ्याऐंशी पडलं!

आता तरी सुटलो म्हणाल, तर छे! संस्थेच्या सचिवांनी सांगितलं, की टेबलाशी जागाच नाही. नवं टेबल करावं लागेल, त्याला मंजुऱ्या, निविदा, निदान तीन वर्षं. माणसांना ‘नाही’ म्हणायची लाज वाटली, की ती फर्निचरवर ढकलतात. नाव मात्र आमचं खराब होतं.

मापं घ्यायला इमारतीच्या सुतारमामांना बोलावलं. त्यांनी टेप धरला, टेबलाभोवती एक चक्कर मारली आणि मिशीतल्या मिशीत हसले.

“साहेब, जागा आहे की,” ते म्हणाले. “प्रत्येकाने दोन बोटं सरकायचं. हातांची खुर्ची नाही मावणार. पण ती भिंतीजवळची आहे ना, ती आजच बसेल.”

सचिव म्हणाले, की ती या खुर्च्यांत शोभणार नाही.

“शोभेचं राहू द्या,” बाई म्हणाल्या. “बसायला मिळतंय का, तेवढं बोला.”

ज्या हातांअभावी मी जन्मभर खाली मान घातली, त्यांच्यावाचूनच माझी वर्णी लागली! बावीस जण सरकले. एका बड्या साहेबांना दोन बोटं फारच जड गेली. सुतारमामांनी त्यांना खुर्चीसकट सरकवलं. बाईंनी मला स्वतःच्या हातांनी उचलून टेबलाशी आणलं.

पहिल्याच सभेत त्यांच्या देशाच्या कर्जाचं नूतनीकरण निघालं. अटी जुन्याच होत्या, नर्सची भरती बंदच. अध्यक्षांची नजर फिरत फिरत आमच्यापर्यंत आली.

“माझी हरकत आहे,” बाई म्हणाल्या.

सभागृहात सगळ्यांच्या माना वळल्या. बाईंनी कुलूप लागलेल्या केंद्रांची यादी वाचली, एकेका गावाच्या नावानिशी. आधी दोन मध्यम आकाराचे देश त्यांच्या बाजूने बोलले, मग एक बडा. आमच्या जुन्या गटाचे तेच संचालकही बोलले, आणि या वेळी त्यांच्याकडून राहून गेलं नाही. अट काढून टाकली गेली. आज बाईंच्या गावचं केंद्र उघडं आहे आणि नव्या नर्सला पहिल्या दिवशी किल्ली दिली ती मावशीनेच.

मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या खुर्च्यांवर झुलू नका, आमचे पाय निखळतात. आमच्यावर पेनने नावंही कोरू नका. आणि चारजण मिळून काही ठरवत असाल, तर कडेला गप्प बसलेल्याचा होकार धरू नका. जवळ बोलवा आणि विचारा, “तुला काय वाटतं?”